हप्त्याची गाडी आणि चाळीसगावचा टांगा

मानपाड्याला राहतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "ठाण्याचा की डोंबिवलीचा?" एक मानपाडा घोडबंदर रोडवर, दुसरा कल्याण-शिळ रस्त्यावर. आम्ही डोंबिवलीच्या मानपाड्यात राहतो, आमचे जवळचे नातेवाईक ठाण्याच्या मानपाड्यात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. रस्त्यावर जागा नाही, बिल्डिंगखाली जागा नाही, पण दर दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेल्या पाच-सहा नव्या गाड्या गल्लीत येतात. गेल्या दहा वर्षांत त्यात आपल्या माणसांच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. मागच्या काचेवर 'जय भीम', डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती, आरशाला निळी रिबन. हे पाहून आनंद होतो, आणि तो आनंद खोटा नाही. ज्यांच्या आज्याला गावात चप्पल घालून चावडीसमोरून जाता येत नव्हतं, त्याची नात आज स्टेअरिंगवर बसते, ही साधी गोष्ट नाही.

पण मित्रांनो, त्या गाडीचं आरसी कार्ड एकदा उलटून पाहा. मालक म्हणून आपलं नाव असतं आणि त्याखाली बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. हा लेख त्या खालच्या नावाबद्दल आहे. आम्ही स्वतः त्या नावाखाली मान द्यायला निघालो होतो, म्हणून लिहितो आहोत.

गोष्ट ऑक्टोबर २०२३ ची. आमच्या घरात दोन पगार येतात, एक समाजकार्याचा आणि एक शाळेतल्या कंत्राटी नोकरीचा. दोन्ही मिळून महिन्याला ५८,००० रुपये. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि गावाहून आलेले बाबा. बाबांचे गुडघे गेलेले. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे मानपाडा सर्कलपासून शेअर रिक्षा, मग डोंबिवली स्टेशनचा जिना, मग सकाळची लोकल. ज्यांनी ती गर्दी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री-अपरात्री रिक्षावाला 'तिकडे नाही येणार' म्हणून निघून जातो. शिवाय कामासाठी मलंगगडाच्या बाजूच्या वाड्यांवर जावं लागतं. म्हणजे गाडीची गरज खरी होती. ही चैन नव्हती.

गरज खरी असली की माणूस हिशोब कमी करतो. आम्हीही तेच केलं. शोरूममध्ये गेलो ते छोटी गाडी पाहायला, आणि पसंत करून आलो उंच, रुबाबदार गाडी. शोरूमची किंमत ८ लाख ९० हजार. आरटीओचा कर, विमा आणि बाकीचं धरून रस्त्यावर येईपर्यंत १० लाख ४० हजार. सेल्समन मुलगा बोलायला गोड होता. त्याने एकदाही विचारलं नाही की तुमची ऐपत किती. त्याचा प्रश्न एकच, "महिन्याला किती जमेल?" आम्ही म्हटलं, बारा-तेरा. त्याने कॅल्क्युलेटर दाबला आणि पाच वर्षांचं कर्ज सात वर्षांचं केलं. झालं, जमलं! ८ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, ८४ हप्ते, हप्ता १३,०७५ रुपये. वरच्या २ लाख ४० हजारांपैकी १ लाख १० हजार आमची शिल्लक होती. बाकीचे दागिने गहाण ठेवून आणि भावाकडून हातउसने घेऊन जमवायचे ठरले. ११,००० रुपये भरून बुकिंग केलं. गाडी घ्यायचा दिवस ठरवला धम्मचक्र प्रवर्तन दिन. ज्या दिवशी लाखोंनी गुलामी झटकली, त्या दिवशी आम्ही सात वर्षांची उचल घेणार होतो, आणि आम्हाला त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं.

समाजात बातमी पोहोचायला वेळ लागत नाही. विहारात कौतुक झालं. आम्ही दबक्या आवाजात म्हटलंही, जुनी गाडी पाहिली असती तर? त्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "आपल्या लोकांनी कायम दुसऱ्याचं उतरलेलंच वापरायचं का?" या वाक्यापुढे आम्ही गप्प झालो. कारण या वाक्यात इतिहास आहे. उतरलेले कपडे, उरलेली भाकर, मेलेलं ढोर, हे सगळं या वाक्याच्या मागे उभं आहे.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. आमच्या घरातला एक पगार ज्या संस्थेतून येत होता, तिथे वस्तीत काम करणाऱ्या ताईंचा पीएफ पगारातून कापला जात होता, पण खात्यात भरला जात नव्हता. नऊ जणांनी मिळून व्यवस्थापनाला पत्र द्यायचं ठरवलं. पत्र तयार झालं, आणि सह्या करायची वेळ आली तेव्हा चौघे मागे सरकले. ते भित्रे नव्हते. चौदा एप्रिलला सर्वात मोठ्याने घोषणा देणारे होते. त्यातला एक जण हळूच म्हणाला, "सही केली आणि काढून टाकलं तर पुढच्या महिन्यात गाडी उचलून नेतील. घरी काय तोंड दाखवू?"

ते पत्र त्या रात्री आमच्या टेबलावर होतं. बाजूलाच बुकिंगची पावती. खरं सांगायचं तर आम्ही दोन तास सही केली नाही. दोन तास आम्ही एकमेकांना पटवत होतो की पत्राची भाषा जरा कडक आहे, अजून थोडं थांबायला हवं, आधी तोंडी बोलून पाहावं. पत्राची भाषा आम्हीच लिहिलेली होती! हप्ता अजून सुरूही झाला नव्हता आणि आमची जीभ जड झाली होती. शेवटी सही केली. दुसऱ्या दिवशी जाऊन बुकिंग रद्द केलं. ताईंचा पीएफ पुढच्या चार महिन्यांत तुकड्या-तुकड्याने भरला गेला. पण ते दोन तास आम्ही विसरलेलो नाही. हा लेख त्या दोन तासांचा आहे.

त्या दिवसांत बाबासाहेबांच्या आठवणींची ती छोटी पुस्तिका, 'व्हिसाची वाट पाहताना', पुन्हा वाचली. त्यात वाहनाचे दोन प्रसंग आहेत. पहिला सगळ्यांना पाठ आहे. १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो, जात कळल्यावर गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांना स्वतः गाडी हाकावी लागते आणि गाडीवान बाजूने चालतो.

दुसरा प्रसंग चाळीसगावचा, २३ ऑक्टोबर १९२९ चा. त्यावर आपण कमी बोलतो. बाबासाहेब तेव्हा अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून ते परत निघाले होते. चाळीसगावच्या समाजबांधवांनी आग्रह केला म्हणून ते तिथे मुक्कामाला थांबले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता, आणि एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. आपला एवढा मोठा माणूस पायी चालत येणार, हे लोकांना कमीपणाचं वाटलं. मग तोड निघाली. टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायला आपलाच एक माणूस बसवायचा. त्याला टांगा हाकता येत नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

बाबासाहेबांनी यात दोष कुणाला दिला? टांगेवाल्याच्या जातीच्या गर्वाला दिलाच. भंगारातला टांगेवालासुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्याहून स्वतःला उच्च समजतो, हे त्यांनी दाखवलं. पण ते तिथेच थांबले नाहीत. आपल्या माणसांनी पाहुण्याची इभ्रत राखण्यासाठी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. प्रेमाने केलेली चूक होती, तरी ती चूक म्हणूनच नोंदवली.

आम्हाला वाटतं, आज आपण हप्त्याने घेतो त्या बऱ्याच गाड्या म्हणजे चाळीसगावचा टांगा आहेत. अपमान खरा आहे, इभ्रतीची भूक खरी आहे, पण हाकता येत नाही असं वाहन आपण घेतो आणि फरशीवर आलो की चाक अडकतं.

काही जण म्हणतील, तुम्ही साधेपणाचा उपदेश करताय, हा तर गांधीवाद झाला. नाही. गरिबीचं कौतुक करणं हा आपला मार्ग कधीच नव्हता. यंत्रांना नावं ठेवणाऱ्यांशी बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात सरळ वाद घातला. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवून त्याला विश्रांती आणि संस्कृती मिळवून द्यायची तर यंत्र हवंच, अशी त्यांची भूमिका होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या बायांना जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला आणि लुगडं नीट, पायघोळ नेसायला सांगितलं. नीटनेटकं राहणं हा त्यांच्यासाठी स्वाभिमानाचा भाग होता. आमचा बाबा लोकलच्या दारात लोंबकळून दवाखान्यात जावा, यात कसलंही तत्त्वज्ञान नाही. तेव्हा गाडी हवी, जरूर हवी. पण लुगडं नीट नेसा असं सांगताना ते कर्ज काढून पैठणी घ्या, असं बाबासाहेबांनी सांगितलं नव्हतं.

एम. ए. ला समाजशास्त्र शिकताना व्हेब्लेन वाचला होता. १८९९ साली त्याने लिहिलं की श्रीमंत माणूस वस्तू वापरण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त घेतो, आणि खालचे वर्ग वरच्यांच्या त्या दिखाऊपणाची नक्कल करतात. पुढे एम. एन. श्रीनिवासांचं संस्कृतीकरण शिकलो. खालची जात वरच्या जातीचे रीतिरिवाज उचलून वर सरकू पाहते. आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन ते रीतिरिवाज सोडले. पूजा सोडली, श्राद्ध सोडलं. पण शोरूममध्ये मोठी चावी हातात घेऊन फोटो काढताना आपण पुन्हा त्यांच्याच मोजपट्टीने स्वतःला मोजतो. आपल्याला कुणी कमी लेखू नये म्हणून आपण ज्यांच्यासाठी गाडी घेतो, ते लोक आपली गाडी बघून जात विसरत नाहीत. भाड्याने घर देताना ते आडनावच विचारतात.

आता हिशोब. आपल्यात हिशोब उघड बोलायची पद्धत नाही, म्हणून मुद्दाम आमचा मांडतो. भाडं ११,०००. किराणा, दूध, गॅस, लाईट, मोबाईल १४,०००. गावी ४,०००. शाळा ४,०००. प्रवास ४,०००. बाबांची औषधं ३,०००. आणि २,९०० विहार व चळवळीसाठी. हा शेवटचा आकडा ५८,००० चा विसावा भाग आहे. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितलं होतं. सगळं मिळून ४२,९००. हातात उरतात १५,१००.

त्यात हप्ता १३,०७५. वर इंधन, विमा, पार्किंग, सर्व्हिसिंगचे महिन्याला सरासरी ७,००० तरी. म्हणजे २०,००० चा खड्डा आणि बुजवायला १५,०००. कात्री कुठे लागणार होती? भाड्याला लागत नाही. शाळेला लागत नाही. औषधांना लागत नाही. ती लागणार होती गावाकडच्या ४,००० ला आणि विसाव्या भागाला. जय भीम लिहिलेल्या काचेसाठी जय भीमचंच काम बंद!

पुढे पाहा. ८४ हप्त्यांत आम्ही भरणार होतो जवळपास ११ लाख, म्हणजे व्याज ३ लाखांच्या आसपास. तेच कर्ज पाच वर्षांचं असतं तर हप्ता १६,८०० झाला असता आणि व्याज सुमारे २ लाख ८ हजार. म्हणजे हप्ता 'जमवण्यासाठी' वाढवलेल्या दोन वर्षांची किंमत ९०,००० रुपये. तीन वर्षं इमानदारीने हप्ते भरले, ४ लाख ७० हजार दिले, तरी बँकेचे ५ लाख २० हजार बाकीच राहिले असते. आणि गाडीची किंमत? विमा कंपन्या जे कोष्टक वापरतात त्यात चौथ्या वर्षी गाडीची किंमत ४० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी कमी धरतात. घर, जमीन, शिक्षण यांच्या कर्जात निदान मागे काहीतरी उरतं. इथे वस्तू वितळत जाते आणि कर्ज तसंच राहतं.

आपल्या बीड-अहिल्यानगरकडच्या वाचकांना 'उचल' हा शब्द समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने उसाच्या फडावर जायचं, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं. त्या जोडप्याला नाव असतं 'कोयता'. माणसं दोन, नाव हत्याराचं. आम्ही शहरात आलो, शिकलो, डोक्यावर एसी आला. पण कामाआधी पैसा उचलायचा आणि मग तो फिटेपर्यंत मालकाला नाही म्हणता येत नाही, ही रचना तीच आहे. त्या रात्री टेबलावरच्या पत्राकडे पाहताना आम्ही दोघं कोयताच होतो.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की हप्ता हा फक्त पैशाचा प्रश्न नाही, तो चळवळीचा प्रश्न आहे. सत्तेला कार्यकर्ता गप्प बसवायचा तर लाठी दरवेळी लागत नाही. त्याच्या पगारातला पाव हिस्सा पुढची सात वर्षं बांधून ठेवला तरी पुरतं. मोर्चाला बिनपगारी रजा तो घेणार नाही, पत्रावर सही करणार नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ काम करायचा विचार तर त्याच्या मनातही येणार नाही.

तथागतांनी हे फार आधी ओळखलं होतं. धम्म म्हणजे फक्त डोळे मिटून बसणं समजणाऱ्यांनी गृहस्थांसाठीची सुत्तं वाचावीत. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, चौथा संकटासाठी राखून ठेवायचा. व्यग्घपज्ज सुत्तात समजीविता सांगितली आहे, म्हणजे आवक-जावक पाहून ना उधळपट्टी, ना कंजुषी. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली त्यातलं एक आहे अनणसुख, कुणाचं ऋण नसण्याचं सुख. अनाथपिंडिक स्वतः मोठा व्यापारी होता. त्याला कुणी फकीर हो म्हटलं नाही. संपत्ती मिळव, वापर, दान दे, पण ऋणमुक्त राहा, असा तो उपदेश आहे.

यातूनच एक फरकही कळतो. जो भाऊ रिक्षा किंवा टेम्पो घेतो, त्याचं कर्ज 'दोन भाग कामधंद्यात' या खात्यात येतं. गाडी रोज कमावून हप्ता काढते. त्याच्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळासारख्या योजनाही आहेत, त्यांचा पाठपुरावा करायलाच हवा. आम्ही बोलतोय ते दारात उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल.

मग आम्ही काय केलं? बुकिंग रद्द केल्यावर स्वतःसाठी चार नियम लिहिले आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले.

पहिला, गाडीची सगळी किंमत घरच्या सहा महिन्यांच्या मिळकतीपेक्षा जास्त नको. आमच्यासाठी ती मर्यादा ३ लाख ४८ हजार. अमेरिकेत वीस टक्के आधी भरा, चार वर्षांतच फेडा, गाडीचा खर्च मिळकतीच्या दहा टक्क्यांत ठेवा असा एक नियम सांगतात. तोही वाईट नाही, पण त्यात कर्ज गृहीत धरलेलं आहे. आम्हाला ते गृहीतच धरायचं नव्हतं.

दुसरा, हप्ता बँकेला नाही, स्वतःला द्यायचा. नोव्हेंबर २०२३ पासून दर महिन्याला १३,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली.

तिसरा, संकटाचा चौथा भाग, म्हणजे आमचे १ लाख १० हजार, गाडीसाठी मोडायचा नाही.

चौथा, विसावा भाग कापायचा नाही.

सोपं गेलं असं नाही. नातेवाईक विचारायचे, गाडीचं काय झालं? मुलीच्या मैत्रिणीच्या घरी नवी गाडी आली तेव्हा तिनेही विचारलं. २०२४ च्या पावसाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि गाडीच्या खात्यातून ४२,००० काढावे लागले. तेव्हाच कळलं की स्वतःला दिलेल्या हप्त्यातून अडचणीला पैसे काढता येतात, बँकेला दिलेल्यातून नाही. हप्ता सुरू असता तर त्या महिन्यात हप्ता चुकला असता किंवा ऑपरेशन लांबलं असतं.

मग २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पुन्हा फोन सुरू झाले, "आता तर घ्याच, नवी गाडी स्वस्त झाली." स्वस्त झाली हे खरं. पण स्वस्त झालेली गाडीसुद्धा कर्जानेच घ्यायची तर आमच्यासाठी ती महागच होती. उलट आम्ही त्या बातमीचा उपयोग जुन्या गाडीच्या भावतोलाला केला. तोवर २३ महिने झाले होते. २ लाख ९९ हजार जमा, ४२,००० वजा, वर साधारण १८,००० व्याज, असे हातात २ लाख ७५ हजार. २०१६ ची वॅगन-आर, सीएनजी, एका निवृत्त कर्मचाऱ्याने जपून वापरलेली. मागत होते २ लाख ९० हजार, ठरली २ लाख ५५ हजारांना. उरलेल्या २०,००० मध्ये विमा, आरटीओचं ट्रान्सफर आणि दोन टायर.

जुनी गाडी घेताना आम्ही जे पाहिलं ते तरुणांसाठी थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेऊन तो उतरवला आहे का. ई-चलान बाकी आहेत का. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी आपल्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा, नुसत्या चावीवर विसंबू नका. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. आपल्या भागात आणखी एक गोष्ट. जुलै २०१९ ला कल्याण-बदलापूर पट्ट्यात पाणी भरलं होतं हे लक्षात ठेवा. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहा, सीटखालच्या पट्ट्यांत वाळलेला गाळ आहे का ते बोट घालून बघा. आणि ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याला दिलेले पाचशे रुपये वाया जात नाहीत.

जे आधीच हप्त्यात आहेत, त्यांना दोष द्यायला आम्ही लिहीत नाही. आम्ही फक्त एका आठवड्याच्या फरकाने वाचलो. त्यांच्यासाठी तीन गोष्टी. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. गुंड पाठवून जबरदस्तीने गाडी उचलणं चूक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे. हप्ता चुकला म्हणून आपण गुन्हेगार होत नाही, तेव्हा एकटं लपून बसू नका, संघटनेकडे या. आणि जे आता कर्ज घेणारच आहेत त्यांनी की फॅक्ट स्टेटमेंट मागावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. जुन्या गाड्यांचे एजंट 'फक्त ८ टक्के' म्हणतात तो बऱ्याचदा फ्लॅट दर असतो. तीन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट ८ म्हणजे घटत्या शिलकेवर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे तर आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवलं. त्यांनी रुपयावर प्रबंध लिहिला, आपण निदान स्वतःच्या कर्जाचा कागद तरी वाचू.

आमच्या वस्तीशेजारीच प्रीमियर कंपनीचं मैदान होतं. कल्याण-शिळ रस्त्यावरच्या त्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजोची मोटार बनायची. आता तिथे टॉवर उभे आहेत, आणि रस्त्यावर मेट्रो १२ चे खांब उभे राहत आहेत. तिला मानपाडा स्टेशन असणार आहे. ती मेट्रो वेळेत व्हावी, केडीएमटीच्या बस वाढाव्यात, स्टेशनच्या जिन्यांवर लिफ्ट चालू राहाव्यात, यासाठी भांडणं हेही आपलंच काम आहे. चांगली बस असती तर बाबांसाठी गाडी घ्यावीच लागली नसती. सार्वजनिक वाहतूक मागणारा मोर्चा आणि हप्ता टाळणारं घर, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आमची वॅगन-आर दोन ठिकाणी घासलेली आहे. मागच्या काचेवर आम्हीही जय भीम लिहिलं आहे. बाबा पुढच्या सीटवर बसतात आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "किती बाकी आहे हिचं?" आम्ही म्हटलं, "काही नाही." ते काही बोलले नाहीत. नुसता डॅशबोर्डवर हात ठेवून बसले. त्यांच्या बापाने सावकाराकडे सालगडी म्हणून वर्षं काढली होती. 'काही बाकी नाही' या तीन शब्दांची किंमत त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अजूनही दर महिन्याला ५,००० रुपये त्याच वेगळ्या खात्यात जातात. ही गाडी थकेल तेव्हा पुढची येईल. आणि पुढच्या वेळी कुणाच्या हक्काचं पत्र टेबलावर येईल, तेव्हा सही करायला दोन तास लागणार नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!